गुरुजींच्या नावाचं गोदाम

आमच्या गावातल्या दगडी शाळेला ज्या गुरुजींचं नाव आहे, ते आज असते तर त्यांनी गावच्या शेतकी सोसायटीच्या चेअरमनला कान धरून बाहेर काढलं असतं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले, म्हणून हे सांगते.

निजामाच्या काळात ती इमारत कचेरी होती. निजाम गेला, मग गुरुजींनी तिथं शाळा भरवली. आमच्या बौद्ध वस्तीतली पोरं त्यांनी आत, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसवली. तेव्हा गावानं त्यांना शिव्या दिल्या. ते वारल्यावर त्याच गावानं शाळेला त्यांचं नाव दिलं.

मग दुष्काळ पडला. लोकांना खायला वाटायच्या सरकारी सुकडीची पोती ठेवायला सोसायटीनं वर्ग मागितले. "पाऊस पडूस्तोर," चेअरमन म्हणाला. पोरं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पाऊस पडला. सुकडीच्या जागी खत आलं, खतामागं ऑफिस आलं. चेअरमन म्हातारा झाला, त्याचा मुलगा चेअरमन झाला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी म्हणतात. इथं तर भटही नव्हता!

दर झेंडावंदनाला पोरांना रांगेनं तिथं न्यायचं, ऑफिसातल्या गुरुजींच्या फोटोला हार घालायचा, की परत पत्र्याखाली. मीही वर्षानुवर्षं मुकाट नेलं. त्याचा मला माझाच राग येतो.

एका उन्हाळ्यात शेडमध्ये दोन पोरी चक्कर येऊन पडल्या. मी तडक सोसायटीत गेले. एक खोली तरी द्या, चेअरमनला म्हटलं.

"बघू की बाई. आता खत यायलंय."

मी खुर्चीवर चढले आणि गुरुजींचा फोटो काढला.

"आवं, फोटो कावून काढता?"

"गुरुजी शाळेत असतेत. हितं शाळा न्हाई."

फोटो काखेत मारून मी भर गावातून चालत गेले आणि शेडमध्ये खिळ्याला टांगला. वाटलं, आता तरी गावाला लाज वाटेल.

आठ दिवसांत सोसायटीनं गुरुजींचा दुप्पट मोठा, रंगीत फोटो आणला. खोली एकही सोडली नाही. हार घालायला रांग लागली. रांगेत माझे वडीलही होते. सोसायटीचं खत आम्हालाही लागत होतं.