आधी वास, मग पान्हा

डॉ. यशवंतराव सोनकांबळे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा ते काहीच करीत नव्हते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं पशुसंवर्धनाचं कार्यालय एका भाड्याच्या घरात होतं आणि खुर्च्या अजून यायच्या होत्या. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू व्हायला गेलो, तर साहेब मागच्या पायरीवर बसून शेजाऱ्यांच्या शेळ्या बघत होते. मी नाव सांगितलं. "बसा, पाटील. ती काळी काय खाते बघा," ते म्हणाले. काळीनं बाभळीची शेंग खाल्ली, एक कागद हुंगला, चघळला, टाकला आणि पुन्हा शेंगेकडे वळली. "लोक म्हणतात शेळी सगळं खाते. ती सगळ्याला तोंड लावून बघते. खाते ते निवडून." माझं रुजू होणं दुपारवर गेलं. या गृहस्थांच्या हाताखाली बहुधा आराम आहे, अशी माझी समजूत झाली. ती आठवडाभरही टिकली नाही.

डॉक्टरांचा जन्म अहमदपूर तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातला. घरी शेती नव्हती, शेळ्या होत्या. पशुवैद्यक शिकून आल्यावर त्यांना मोठ्या जनावरांचीच कामं सांगितली जात; प्रतिष्ठा तिथंच होती. दुष्काळ पडला तेव्हा छावण्याही बैलांसाठी आणि गायींसाठी उघडल्या. शेळ्यांना कोणी विचारीना. डॉक्टर मात्र एसटीनं, सायकलनं आणि उरलेलं पायी, वस्त्यांवर शेळ्या तपासत हिंडत. एका वस्तीवर रोडावलेली शेळी दाखवून मालक म्हणाला, "हिला सुई द्या." डॉक्टर तिथं बसून राहिले आणि मग चाऱ्याची पाटी दोन ठिकाणी, लांब लांब ठेवायला सांगितली. शेळ्यांतही मानपान असतो. शिंगवाल्या, थोराड शेळ्या गरीब शेळीला पाटीशी येऊ देत नाहीत. ती शेळी पुढे सुधारली. मालक मात्र सुई न दिल्याबद्दल बरेच दिवस नाराज होता.

गोड बोलणं हा डॉक्टरांचा प्रांत नव्हे. माझे वडील नांदेडला दवाखान्यात होते, तेव्हा मी न सांगताच निघून गेलो होतो. परतलो तर माझ्या वाट्याच्या सगळ्या वस्त्या डॉक्टरांनी स्वतः फिरून संपवल्या होत्या. मी आभार मानू लागलो, तर म्हणाले, "रजेचा अर्ज द्या तेवढा. आणि वडलांना जेवण जातं का?" एवढंच. पुढे माझी हिमायतनगरला बदली झाली तरी वडिलांची चौकशी करणारं त्यांचं पोस्टकार्ड येत असे.

अशा गौरवग्रंथात सत्कारमूर्तींची चूक लिहू नये, असा संकेत आहे. मी लेख लिहिणार असल्याचं कळवलं, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "शिरूरकडचं ते लिहिणार नसाल तर लिहू नका." म्हणून लिहितो.

शिरूर अनंतपाळकडच्या एका वस्तीवर दुष्काळात करडांना गोचीड आणि पिसवांनी हैराण केलं होतं. आमच्याकडे रीत अशी, की शेळ्या रानात गेल्या की लहान करडं घरी उपड्या डालग्याखाली झाकून ठेवायची. डॉक्टरांनी ठरवलं, आया रानात असतानाच करडं औषधाच्या पाण्यात धुऊन काढू, म्हणजे ओढाताण नको. काम झटपट झालं. औषधाला उग्र वास होता. करडं स्वच्छ झाली आणि आम्ही खूश झालो.

दिवस कलताना शेळ्या आल्या. करडं ओरडली, आयांनी आवाज ओळखला आणि धावत आल्या. जवळ येऊन त्यांनी शेपटीशी हुंगलं आणि ढुशी देऊन करडं बाजूला लोटली. पुन्हा ओरडणं ऐकून त्याच शेळ्या वळत, जवळ येत, हुंगत आणि पुन्हा लोटत. वस्तीवर या शेळ्यांखेरीज दुसरं दूध नव्हतं आणि इतक्या करडांना हातानं पाजणं जमणार नव्हतं. आईनं घेतलं नाही, तर एवढीशी करडं जगणार नव्हती.

"सायेब, ह्या पाजून राहिल्या न्हाईत," गंगाबाई म्हणाल्या. त्यांचं सगळं बिऱ्हाड शेळ्यांवर चालत असे.

डॉक्टर करडांकडे बघत होते. एक करडू दुपारी बाजेखाली दडून धुण्यातून सुटलं होतं. तेवढं एक आईखाली सुखानं पीत होतं. डॉक्टर उठले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आवाज लांबून ओळखतात, पण पाजतात वासावर. तो वास मी धुऊन टाकला. चूक माझी हाय. औषधाची न्हाई, तुमची न्हाई."

मग प्रत्येक शेळीची धार काढून तिच्याच करडाच्या पाठीला, शेपटीला चोळायची, शेळीची शिंगं धरायची आणि करडू कासेला लावायचं, असं सुरू झालं. शिंगं डॉक्टरांनी स्वतः धरली. त्यांच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. एकेक शेळी हुंगून थबकली, चाटू लागली आणि पान्हावली. गंगाबाईंची पहिल्या वेताची शेळी मात्र शेवटपर्यंत बधली नाही. दुसऱ्या शेळ्यांचं दूध काढून डॉक्टरांनी ते करडू बोळ्यानं पाजलं, पण ते मुळातच अशक्त होतं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. डॉक्टर गंगाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

पुढच्या खेपेला आम्ही लस घेऊन गेलो, तेव्हा वस्तीनं दारं लावून घेतली. एक म्हातारे स्पष्टच बोलले, "दुसरा डाक्टर धाडा." डॉक्टर म्हणाले, "हाव, सांगतो वर," आणि पेटी उचलून वळले. दुसरा डॉक्टर लवकर येणार नव्हता; आता तिथल्या शेळ्यांना वेळेवर लस मिळणार नाही, हे त्यांना दिसत होतं, आणि त्याला आपण कारण, हेही. तेवढ्यात गंगाबाई नवं करडू उचलून बाहेर आल्या.

"दुसरा यील त्याला ह्ये ठावं नसंल," त्या म्हाताऱ्यांना म्हणाल्या. "ह्यांना आता ठावं झालंय." आणि करडू त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिलं.

इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते तेव्हाच. आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, हे मी रीत म्हणून लिहीत नाही. ज्यांना ठाऊक झालं आहे, अशी माणसं आपल्यात जितकी वर्षं राहतील तितकी आम्हाला हवी आहेत.