आधी ए, मग यू

डिप्लोमा झाल्यावर मला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, क्वालिटी खात्यात नोकरी लागली. पेठ वडगावहून रोज सकाळी स्कूटरनं जायची. त्या खात्यात मी पहिलीच मुलगी. सुरुवातीला सगळे माझ्याशी जरा जपूनच बोलायचे, आणि मला काय काम द्यावं हेही कुणाला नीट सुचत नव्हतं. शेवटी मोजमापाची साधनं ठेवायची एक लहानशी खोली होती, ती माझ्या ताब्यात दिली.

खोलीच्या दारावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत ‘गेज रूम’ असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं गेजचं स्पेलिंग जी-यू-ए-जी-ई असं केलं होतं. आतल्या कपाटावर तेच, रजिस्टरवर तेच, साधनांच्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरही तेच. खरं स्पेलिंग जी-ए-यू-जी-ई. आधी ए, मग यू. हे मला पक्कं माहीत असण्याचं कारण म्हणजे शेवटच्या वर्षाला मी स्वतःच ते चुकवलं होतं. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी माझ्या जर्नलमध्ये त्या एका शब्दाभोवती सहा ठिकाणी लाल गोल केले होते आणि विचारलं होतं, “ज्यानं आयुष्यभर मोजणार, त्याचं नाव तरी नीट लिहाल का?” सगळ्या वर्गासमोर. तेव्हापासून तो शब्द चुकलेला दिसला की माझे कान गरम व्हायचे.

मी पहिल्याच आठवड्यात मार्कर घेऊन बसले. चिठ्ठ्या बदलल्या, रजिस्टरला नवं कव्हर घातलं, दारावरची अक्षरं खरवडून पुन्हा रंगवली. खात्यातली मंडळी येता-जाता बघायची. एकानं विचारलं, “मॅडम, आता मापं बरोबर येतील काय?” मला लोक ‘गेज मॅडम’ म्हणायला लागले. मला राग येत नव्हता. उलट आपलं काहीतरी नाव झालं याचं बरंच वाटायचं.

असंच एकदा तयार मालाच्या ढिगाशी उभी होते. पुण्याच्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही पंपाची बॉडी ओतायचो. तिच्या एका बाजूला तेलाची पातळी दाखवणारी काच बसायची, आणि त्या जागेच्या वर लोखंडातच उठावदार अक्षरं होती, ‘ऑइल गेज’. मी बोट फिरवून बघितलं. जी-यू-ए. लोखंडात.

आता चिठ्ठी बदलता येते, लोखंड कसं बदलणार? पण अक्षरं येतात कुठून ते मला ठाऊक होतं. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उमटवावा लागतो, आणि तो ज्या लाकडी नमुन्यानं उमटवतात त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्नवर जे अक्षर, तेच लोखंडावर. मी तडक पॅटर्न शॉपमध्ये गेले.

तिथले मुख्य मिस्त्री साठीच्या आसपासचे, कुरुंदवाडचे मुसलमान गृहस्थ. सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा. त्यांच्या हातचा पॅटर्न असला की मालक स्वतः बघायलाही यायचे नाहीत, इतका विश्वास. ते रंधा मारत होते आणि शेजारी दोन कामगार उभे होते. मी त्यांच्यादेखतच म्हणाले, “चाचा, हे चुकीचं लिहिलंय तुम्ही. इतकी वर्षं चुकीचा माल जातोय.”

चाचांनी रंधा बाजूला ठेवला. “काय चुकलंय?”

“ए आणि यू. जागा उलट झाल्यात.”

त्यांनी कपाटातून पॅटर्न काढला, फुंकर मारून भुसा उडवला. पितळेची बारीक अक्षरं लहान खिळ्यांनी बसवलेली होती. “बदलाय काय, पाच मिन्टाचं काम हाय. सहीचा कागद आणलायसा?”

“स्पेलिंगला कसला कागद, चाचा? कोणत्याही डिक्शनरीत बघा.”

त्यांनी पक्कड घेतली. मग दोन अक्षरं उचकटली, जागा बदलून पुन्हा ठोकली, हातानं चाचपली. “आता?”

“आता बरोबर,” मी म्हणाले, आणि मोठा तीर मारल्यासारखी परत आले. घरी आईला जेवताना सगळं सांगितलंसुद्धा. आई म्हणाली, “त्या बाप्याला चारचौघांत कशाला बोललीस गं?” मी ते कानाआड केलं.

तीन आठवड्यांनी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. साहेब कसबा बावड्याचे, आवाज असा की ऑफिसात बोललेलं गेटवर ऐकू जावं. त्या दिवशी मात्र ते हळू बोलत होते, आणि त्यानंच मी घाबरले. टेबलावर पुण्याहून आलेली तक्रार होती. पंपाच्या चाळीस बॉड्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. कारण एका ओळीत दिलं होतं. अक्षरं ड्रॉइंगप्रमाणे नाहीत.

“न्हाय कशी?” साहेब म्हणाले. “इतकी वर्षं हायत की.”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. साहेबांनी गिऱ्हाइकाचं मूळ ड्रॉइंग मागवलं आणि टेबलावर पसरलं. कोपऱ्यात, पंपाच्या चित्रावर बाण दाखवून, सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, जी-यू-ए-जी-ई. खाली गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरची सही.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “ड्रॉइंगमध्ये असंल ते बरोबर. डिक्शनरी त्याच्या खालच्या पायरीवर. चुकलंय तर आधी त्यांना कळवायचं, मग हात लावायचा. एवढं डिप्लोमात शिकवत न्हाईत व्हय?”

शिकवलं होतं. पहिल्याच वर्षाला शिकवलं होतं. पण मला त्या घटकेला साहेबांचं बोलणं तितकं लागलं नाही. मला चाचांचा चेहरा दिसत होता. त्यांनी अक्षर न् अक्षर ड्रॉइंगबरहुकूम बसवलं होतं. त्यांनी कागदही मागितला होता. चूक त्यांची कधी नव्हतीच, आणि मी ती दोन माणसांसमोर त्यांच्या माथी मारली होती.

पॅटर्न शॉपमध्ये गेले तेव्हा तेच दोघे कामगार तिथे होते. एका अर्थी बरं झालं. मी म्हणाले, “चाचा, तुमचं बरोबर होतं. ड्रॉइंगच चुकलेलं आहे. मी न बघता बोलले. माफ करा.”

चाचा हसले. “मला एबीसीडी येत न्हाय, पोरी. अक्षर मला चित्रावानी दिसतंय. ए म्हंजे शिडीचा घोडा, यू म्हंजे पेला. कागदावर पेला आधी हुता, म्हणून पेला आधी ठोकला. तू घोडा आधी म्हणालीस, मी घोडा आधी ठोकला. तू क्वालिटीची.”

आधी मॅडम होते, आता पोरी झाले. मला ते फार बरं वाटलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला आणि विचारलं, “पण ह्यो गेज हाय तरी काय? तेलाच्या काचंला गेज, पत्र्याच्या जाडीला गेज, तारंला गेज. रेल्वे बी ब्रॉडगेज. एकच शब्द सगळीकडं?”

“एकच. मोजायचं साधन म्हणजे गेज, आणि ठरलेलं मापही गेज. रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर, पत्र्याची जाडी, सगळं त्यातच आलं. शिवाय अंदाज घेणं, जोखणं, यालाही तोच शब्द.”

“म्हंजे गिऱ्हाइकाचं तोंड बघून मन वळखायचं, त्ये बी गेज?”

“तेही.”

“मग त्यो गेज आमच्या बायकोकडं हाय,” चाचा म्हणाले, आणि दोघे कामगार खो खो हसले.

संध्याकाळी साहेबांच्या परवानगीनं मी पुण्याला फोन लावला. इकडून तिकडे जोडत जोडत शेवटी एका वयस्कर इंजिनिअरांपर्यंत पोचले. मी घाबरत घाबरत अडचण सांगितली. पलीकडे कागद चाळल्याचे आवाज आले. मग ते म्हणाले, “हे ड्रॉइंग मीच काढलंय. सही माझीच आहे. एवढ्या वर्षांत एकही माणूस बोलला नाही हो.”

“सर, पंप चांगला चालत असेल, म्हणून कुणी वाचलं नसेल.”

ते मोठ्यानं हसले. त्या चाळीस बॉड्या त्यांनी आहे तशाच घेतल्या, आणि आठवड्याभरात सुधारलेलं ड्रॉइंग पाठवलं. बदलांच्या रकान्यात फक्त ‘स्पेलिंग दुरुस्त’ एवढंच होतं. मी त्याची प्रत चाचांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, बोटानं घोडा शोधला, मग पेला शोधला आणि कागद घडी करून कपाटात जपून ठेवला. पॅटर्नला हात लावायची गरजच नव्हती. अक्षरं आधीच बरोबर होती.

त्यानंतर चाचांच्या घरात इंग्रजी अक्षर असलेला कुठलाही कागद आला की तो आधी माझ्याकडे यायचा. लाइटबिलाची नोटीस, नातवाचा शाळेचा फॉर्म, मोबाइलवरचा मेसेजसुद्धा. मीही वाचायच्या आधी विचारायला शिकले, “चाचा, मूळ कागद कुठंय?” पुढं त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा छापखान्यातून आलेली पत्रिकेची कच्ची प्रत घेऊन ते गेज रूमच्या दारात उभे राहिले.

“छापायच्या आधी बघ,” म्हणाले. “मागनं बॉड्यांसारखं हाय तसं घेणार न्हाय कुणी.”

मी दोनदा वाचली. नवरदेवाच्या आडनावात एक अक्षर जास्त वाटत होतं. मार्कर हातात होता, पण मी चाचांना म्हणाले, “आधी पाव्हण्यांना फोन लावा, ते कसं लिहितात विचारा.” त्यांनी तिथंच फोन लावला. पाव्हणे आडनाव तसंच, त्या जास्तीच्या अक्षरासकट लिहीत होते.