बाटलीत घातलेली भर

प्रयोगशाळेत तिला सगळे 'शंभरदा' म्हणत. कुलूप लावलं तरी ती शंभरदा ओढून बघणार, चहात साखर घातलीय का हे ढवळताना पुन्हा विचारणार. या नावाचा तिला राग नव्हता. क्ष-किरणांच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाने संशयी नसावं तर काय भोळं असावं, असा तिचा सवाल असे.

तिचं काम धुळीचं. दगड कापणाऱ्या कारखान्यांतून, कामगारांच्या कॉलरला दिवसभर अडकवलेले छोटे फिल्टर तिच्याकडे येत. त्यांवरच्या धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, किती आहे ते ती सांगायची. ही बारीक धूळ छातीत गेली की मुक्कामालाच जाते, परत निघत नाही. यंत्र धुळीवर क्ष-किरण सोडून पडद्यावर आलेख काढतं. शिखर कुठे उभं राहिलं यावरून पदार्थ ओळखायचा आणि किती उंच झालं यावरून त्याचं प्रमाण. पण किती उंच म्हणजे किती, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी प्रमाणपत्र असलेल्या बाटलीतला खात्रीचा क्वार्ट्झ तोलून-मापून दाखवायचा, त्यावरून कॅलिब्रेशनची फाइल बनवायची आणि मग येईल ती धूळ त्या फाइलने मोजायची. मापच खोटं निघालं तर तोलणारा कितीही सज्जन असला तरी काय उपयोग?

म्हणून रोज सकाळी ती, जिचं शिखर कुठे यायला हवं हे पक्कं ठाऊक असतं अशी सिलिकॉनची पूड लावून यंत्राची परीक्षा घेई. शिखर नेमक्या जागी आलं की तिचा जीव भांड्यात पडे.

तिचा धाकटा भाऊ अशाच एका कारखान्यात करवतीवर होता. दोन वर्षांपूर्वी त्याला गोदामात नोकरी मिळत होती. "ताई, खरं सांग, राहू की सोडू?" असं त्याने विचारलं. त्याच्या कारखान्याचे फिल्टर तिनेच मोजले होते. "कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या आत आहे रे. बिनधास्त राहा," ती म्हणाली. तो राहिला. ताईचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

त्या दिवशी क्वार्ट्झची नवी बाटली आली. जुनी तळाला गेली होती. शंभरदाच ती, नवीन पूड लावून बघितल्याशिवाय कशी राहील? वजन तेवढंच घेतलं, यंत्र तेच, आणि शिखर मात्र जुन्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ठेंगणं. बाटलीच नासकी आली, असं म्हणून तिने पुरवठादाराला चार शब्द सुनवायची तयारी केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सिलिकॉन लावला, तो नेमका जागेवर. मग तिला वाटलं, खोटी जुनीच बाटली नसेल ना? सिलिकॉनवरून ती रोज शिखराची जागा बघत आली होती. उंची तिने एकदाही पडताळली नव्हती.

तिने दोन्ही बाटल्यांतली चिमूट-चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नवीत नुसतं पीठ. जुनीत पिठात रवा मिसळावा तसे जाड, चकचकीत कण.

तिने निवृत्त सरांना फोन लावला. हे काम तिला बोट धरून त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, जुन्या बाटलीत कुणी काही घातलं होतं का?"

"अगं, मीच!" सर खुशीत म्हणाले. "जाता जाता तुझ्यासाठी भर घालून ठेवली. नवी बाटली मागवायची म्हणजे किती खेटे, तुला माहीतच आहे. माझ्याकडे एक सुंदर स्फटिक होता, तो खलात कुटला. बाटलीतल्यापेक्षा शुद्ध माल आहे तो!"

"सर, शुद्ध आहे, पण जाड आहे," ती कशीबशी म्हणाली. "जाड कणांचं शिखर उंच येतं. मी फाइल त्यावरून बनवली. मग कामगारांची बारीक धूळ त्या मापापुढे कमीच भरली असणार."

मग सरांनी विचारलं, "किती अहवाल गेले?" तिने फोन ठेवला. त्यांच्यावर ओरडावं असं तिला फार वाटलं, पण बाटली न तपासता फाइल बनवणारे हात तिचेच होते.

नव्या बाटलीवरून तिने नवी फाइल बनवली आणि साठवलेले जुने आलेख एकेक करून तिच्यावरून पुन्हा मोजले. भावाच्या कारखान्याचा आकडा पडद्यावर आला तेव्हा तिने तो पुन्हा एकदा काढून बघितला. मर्यादेच्या आत नव्हता. चांगला बाहेर होता. दोन वर्षं बाहेर होता. तिने प्रमुखांना सगळं सांगितलं, जुने अहवाल रद्द करायला लावले आणि कारखान्याला पत्र जायची वाट न बघता रिक्षा पकडली.

भाऊ करवतीजवळच भेटला. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. तिने एका दमात सांगून टाकलं. तो आधी हसला.

"चेष्टा करतेस ना?"

"नाही रे."

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसता हबकला होता.

"मधे तपासणीवाला आला होता," तो सावकाश म्हणाला. "म्हणाला, अहवाल चांगला आहे, तरी तोंडाला बांधा. मीच या सगळ्यांना म्हटलं, माझी ताई मोजते, काही होत नाही. उकाड्यात कशाला गुदमरताय? त्यांनी सोडलं बांधायचं."

"मी सांगू त्यांना?"

"तूच सांग. माझ्या तोंडून नाही निघायचं."

त्याने मुख्य खटका ओढला. एकेक करवत थांबत गेली. पांढरी माणसं तिच्याभोवती जमली, आणि तिने माप कसं चुकलं, कुणामुळे चुकलं, काहीही न लपवता सांगितलं. कुणी ओरडलं नाही. "पण तुम्ही रोज तपासता ना, ताई?" एकाने विचारलं. "यंत्र रोज तपासते. बाटली एकदाही नाही," ती म्हणाली.

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर कारागिराने गळ्यातला रुमाल सोडला, झटकला आणि नाकातोंडावर घट्ट बांधला. मग बाकीच्यांनीही बांधले. सगळी यंत्रं बंद होती.