कुणाला वगळायचं

"गडी बघा, पैशाचं मागून बघू." परभणीतल्या आमच्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक हे म्हणायचे आणि समोरच्याचा दंड धरून त्याला मैदानाकडे वळवायचे. तो क्लबचा मालक असो की चहावाला, खेळाडूंचा सराव दाखवल्याशिवाय सर दंड सोडत नसत. असा एखादा हट्टी मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

सर पिंगळीचे, शाळेत खेळाचे शिक्षक होते. राज्यात खासगी लीग सुरू झाली, इथल्या एका व्यापाऱ्याने संघ घेतला आणि निवृत्त झालेल्या सरांना बोलावून आणलं. मी क्लबच्या कार्यालयात होतो. करार आणि प्रवास माझ्याकडे, त्यामुळे सरांशी रोजचा संबंध.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. मालकाने बाहेरून दोन महागडे आघाडीवीर आणले. सर त्यांना 'मोठे पाहुणे' म्हणायचे. त्यातल्या एकाला सरांच्या घरच्या ठेच्याने पहिल्याच दिवशी घाम फोडला. पुढे तोच भाकरी मागायला यायचा.

पण सरांचा जीव होता तो कप्तानावर. पालमच्या या पोराला त्यांनी शाळेच्या स्पर्धेत अनवाणी खेळताना पाहिलं आणि परभणीला आणून घडवलं. आता तो तिशी ओलांडलेला होता, बचावफळीत खेळायचा. पाय मंदावले होते, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळायचं. "तो मागं उभा असला की मला फिकीर न्हाई," सर म्हणायचे.

मग लीगचे प्रायोजक गळू लागले. एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती पगार खर्चावा याला लीगची मर्यादा असते; सगळे तिला 'कॅप' म्हणत. ती खाली आली. मोठ्या पाहुण्यांचे करार मात्र आधीच झालेले, त्यांच्या पगाराला हात लावता येत नव्हता. म्हणजे कात्री लागणार ती उरलेल्यांना. चार अनुभवी गडी सोडून त्यांच्या जागी स्वस्तातली नवखी पोरं घ्यायची, एवढाच मार्ग उरला. सरांनी सगळी उलटापालट करून पाहिली. दरवेळी कप्तान बाहेरच राहत होता.

हे फोनवर सांगायला सर तयार होईनात. मला सोबत घेऊन ते एसटीने पालमला गेले. कप्तानाला वाटलं, सराव कधी सुरू होणार ते सांगायला आलेत. त्याच्या बायकोने पोहे केले. सरांनी बशी हातात धरली, पण खाल्लं नाही. खाली बघतच त्यांनी सांगून टाकलं.

कप्तान म्हणाला, "सर, मी अर्ध्या पगारात खेळतो की."

"चालत न्हाई रे. इतकी वर्षं खेळलेल्याला लीगनं ठरवल्यापेक्षा कमी द्यायचं न्हाई, असा नियम हाय."

तो नियम जुन्या खेळाडूंची पिळवणूक होऊ नये म्हणून केलेला. त्याच नियमाने त्यांना घरी बसवलं.

परतताना बसमध्ये सरांनी मला विचारलं, "मी माझा पगार सोडला तर त्याला घेता येईल का?" मी नाही म्हणालो. प्रशिक्षकाचा पगार कॅपमध्ये धरतच नसत. त्यांनी ऐकलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्या हंगामात पोरं जिवाच्या आकांताने धावली. पण मागून हाक मारून जागा सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही हरत गेलो. एका पाहुण्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी उतरवायला गडी नव्हता आणि नवा घ्यायला कॅपमध्ये जागा नव्हती. सरांनी कुणाचा दंड धरणं बंद केलं. सराव संपला की ते पिंगळीच्या गाडीसाठी सरळ स्टेशनचा रस्ता धरायचे.

पुढच्या वर्षी कॅप आणखी उतरली. आता त्या नवख्या पोरांतूनही निम्मी काढायची होती. सरांनी तीही काढली. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं. आणि एवढं झाल्यावर, हंगामाच्या तोंडावर, मालकाने लीगमधून संघच काढून घेतला. कप्तान तोवर पुण्याला एका गोदामात कामाला लागला होता. त्याने सरांना कधी दोष दिला नाही. "शिवी तरी द्यायची व्हती त्यानं," सर मला एकदा म्हणाले.

मागच्या वर्षी सरांच्याच जुन्या शाळेने त्यांना तालुका स्पर्धेचा संघ निवडायला बोलावलं. माणसात आले तर बरं, म्हणून मीच आग्रहाने घेऊन गेलो. मैदानावर मुलं-मुली रांगेत उभी होती, तेल लावून, भांग पाडून आलेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, यातले चांगले निवडा, बाकीच्यांना वर्गात पाठवते."

सर रांगेच्या एका टोकापासून चालू लागले. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेले. शेवटच्या मुलीपाशी थांबले. तिने छाती पुढे काढली. सरांनी हात वर केला, तो तसाच खाली आला. मग ते वळले आणि फाटकातून बाहेर पडले. मी हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

त्यानंतर ते लेकीकडे लातूरला गेले. पिंगळीच्या घराला कुलूप आहे. माझा फोन ते उचलत नाहीत.

त्या दिवशी मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावलो आणि परत आलो. पोरं अजून रांगेतच उभी होती. जा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.