चाकापुढच्या दोन पट्ट्या

नवी गाडी दारात येऊन पुरते तीन दिवसही झाले नव्हते आणि माझ्या पपांनी तिचे फुटवे काढले.

शब्द त्यांचाच. वटार गावात आमची केळीची आणि पानवेलीची वाडी. मूळ केळीभोवती जादा पिल्लं फुटली की ती काढून टाकायची, नाहीतर ती मूळ झाडाचं खातात. पपांचा हा पन्नास वर्षांचा हात. शनिवारी मी कॉलेजात शिकवून घरी आले तर पपा गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली शिरलेले, बाहेर फक्त पाय. शेजारी वीतभर लांबीच्या दोन काळ्या रबरी पट्ट्या, चक्क धुऊन वाळत घातलेल्या.

"पुढच्या चाकांसमोर लोंबत होत्या," ते खालूनच म्हणाले. "कंपनीवाले काढायला विसरले असतील. जादा होतं ते काढलं."

मागच्या दिव्याच्या कडेला बोटभर उंचवटा आहे, त्यालाही त्यांनी कोयत्याचं टोक लावून पाहिलं होतं. तो दिव्यातच घडवलेला, म्हणून वाचला.

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावता, पपा?" असं मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले.

पपा बाहेर आले, लेंगा झटकला. "बरं गं बाय. उद्या तू जा गाडीतून देवळात. मी सायकलनं येईन."

दुसऱ्या दिवशी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर फादर गाडीला आशीर्वाद देणार होते. त्याशिवाय आमच्याकडे नवी गाडी लांब नेत नाहीत. आणि खरं सांगायचं तर गाडी मी एवढ्यासाठीच घेतली होती. पपांनी जन्मभर पानांचा टेम्पो दादरला हाकला. एकदा तरी त्यांनी नुसतं शेजारी बसावं, गाडी मी चालवावी. आता तीच सीट रिकामी राहणार होती. मला रडूच यायला लागलं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्यांच्या पोरांना रोज घसा फोडून समजावते आणि बापाला एक शब्द समजावला नाही, म्हणजे कमालच झाली माझी.

पपा विहिरीपाशी पानं निवडत बसले होते. मागच्या पडवीत त्यांच्या विकलेल्या टेम्पोची एक फळी अजून उभी होती. मी जाऊन शेजारी बसले.

"पपा, ती फळी टेम्पोच्या टपावर तिरकी का ठोकली होती?"

त्यांनी मान वर केली नाही. "वारा टपावरून यायचा आणि मागे टोपल्यांवर आपटायचा. वरची पानं दादरपर्यंत काळी पडायची. फळी ठोकली, वारा वरच्या वर जायला लागला. टेम्पो डिझेलपण कमी प्यायचा."

"त्या पट्ट्या तेच करतात. फिरत्या चाकावर वारा आदळला की गाडी अडते. पट्टी त्याला बाजूनं काढून देते. दिव्यावरचा उंचवटा वाऱ्याला सरळ सोडतो, नाहीतर तो वळून गाडीच्या पाठीशी घोटाळतो आणि तिला मागे ओढतो. एकेकाचा उपयोग चिमूटभर, पण सगळं मिळून पेट्रोल वाचतं, आवाजही कमी होतो. म्हणून कंपन्या लावतात."

पपांनी हातातलं पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. "म्हणजे माझी फळी."

"तुमचीच फळी. त्यांनी जरा नाजूक केली, एवढंच." मग जे आधी म्हणायचं होतं ते मी म्हणाले, "चुकलं माझं, पपा."

"स्क्रू डब्यात ठेवलेत," ते उठत म्हणाले. "चल, पट्टी धरायला कोणीतरी लागेल."

मीही गोणपाटावर आडवी झाले. आई ओट्यावर आली आणि म्हणाली, आता चार पाय दिसतात. पपा गाडीखाली इतके हसले की हातातला स्क्रू माझ्या कपाळावर पडला.

रविवारी पपा पांढरा शर्ट घालून पुढे बसले, सीटचा पट्टा स्वतः लावला. मिस्सा झाली. फादरांनी बॉनेटवर, स्टिअरिंगवर पवित्र पाणी शिंपडलं आणि ते वळणार, तेवढ्यात पपा गाडीतून उतरले. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता मातीत गुडघे टेकले आणि बंपरखाली बोट दाखवलं.

"फादर, इथंपण थोडं. ह्या माझ्या फळ्या आहेत."

फादरांना काही कळलं नाही, पण तेही वाकले.