दांडीखालचे हात

पन्नाशीत खांदे भरायची हौस आली, म्हणून मी सोलापुरातल्या एका दुकानात व्यायामाचं सामान बघायला गेलो. मनात बाकडं आणि लोखंडी दांडीच होती. सामान दाखवणारा साठीचा, कान कुस्तीत चुरगळलेले. वजनाला हात लावण्याआधी तो दरवेळी फरशीला बोटं टेकवून कपाळाला लावायचा, जणू खाली तालमीची माती होती.

मी बाकड्यावर आडवा झालो. पाच वेळा दांडी वर गेली. सहाव्यांदा ती छातीवर आली आणि तिथंच बसली. श्वास कोंडला, डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याचे तळवे दांडीखाली बोटभर अंतरावर होते, पण लागत नव्हते.

"धरा की," मी कसाबसा म्हणालो.

त्यानं दांडी उचलून जागेवर ठेवली आणि विचारलं, "घरी असं धरायला कोन हाय?"

बायको गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आडव्यानंच नकारार्थी मान हलवली.

"मग डंबेल न्या," तो हळू म्हणाला. "हात थकला तर बाजूला टाकता येतंय."

डंबेल आणले. थकलो की खाली टाकतो. मोठा आवाज होतो. काय पडलं, म्हणून आतून कुणी विचारत नाही.