आत्यानं वाचलेलं शेवटचं प्रकरण

आम्ही मुरूडला राहायचो तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि शाळा उर्दू. मराठी अक्षरं मला वडिलांनी घरीच शिकवली. एकदा त्यांनी इंग्रजी हद्दीतल्या बार्शीहून एक जाडजूड कादंबरी आणली. एका राजघराण्याची गोष्ट होती. लढाईत राज्य जातं, राजा मारला जातो आणि राणी लेकीला घेऊन रानोमाळ फिरते.

घरात वडिलांची थोरली बहीण, माझी विधवा आत्या होती. तिला अक्षरओळख नव्हती. दुपारी ती तूर निवडायला बसली की मी मोठ्यानं वाचायची. गड पडला त्या दिवशी तिनं सूप बाजूला ठेवून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मात्र चिडली. राणी कुणाच्या तरी दारात आसरा मागत रडत होती.

"किती रडती गं ही! हातपाय हायेत की. काम माग म्हणावं."

"आत्या, पुस्तकातली आहे ती. तिला कसं सांगू?"

"मग वाच पुढं. बघू काय करती."

पण वाचन अर्ध्यावरच राहिलं. माझं लग्न ठरलं, थेट हदगावला. सामान भरताना मी पुस्तक ट्रंकेत ठेवू लागले, तर आत्यानं ते काढून घेतलं.

"तुला कोण वाचून दाखवणार?"

"मीच वाचीन. तुझा बाप शिकवील."

वडील हसले. "अक्का, या वयात?"

"या वयातच तर सवड झाली मला."

वर्षभरानं पंचमीला माहेरी आले, तर आत्या पुस्तक घेऊनच बसलेली. शेवटचं प्रकरण तिनं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. ओळीखाली बोट धरून ती वाचू लागली. जोडाक्षर आलं की अडायची. मी शब्द सुचवला की हातानंच गप्प करायची. राणीला राज्य काही परत मिळालं नाही. लांबच्या एका गावात तिनं थोडी जमीन कसायला घेतली, आणि पहिल्या पेरणीला लेक तिच्या मागं चालत होती. एवढ्यावर पुस्तक संपलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या मात्र खुशीत होती.

"आवडला शेवट?" मी विचारलं.

"ब्येस हाय. आता बार्शीहून दुसरं आणायला सांग तुझ्या बापाला. आन् जरा मोठं आण म्हणावं."